पददलितांचा पहिला क्रीडावीर : बाळू पालवणकर

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत महात्मा फुले, शाहू महाराज, प. पू. बाबासाहेब, माता रमाई यांच्यावर लेख येतात, यायलाच पाहिजेत. या खेपेला आम्ही अशा माणसाचं चरित्र लिहायला घेतलंय की ज्याचा फोटो आपल्या विहारात नाही आणि बहुधा कधी लागणारही नाही. त्यांचं नाव बाळू बाबाजी पालवणकर. मुंबई-पुण्याची जुनी मंडळी त्यांना पी. बाळू म्हणत. विषय जाहीर केला तेव्हा एक-दोन जाणत्या उपासकांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, की जो इसम निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला त्याचं कौतुक विहाराच्या पुस्तकात कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन आम्ही लिहिणार नाही. पण आधी माणूस समजून घ्यावा, निवाडा मागाहून करावा.

दुसरं कारण आमच्या आगरदांड्याच्या पोरांचं. संध्याकाळी जेट्टीकडून येताना बघावं तर कुठे व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली, कुठे टेनिसच्या बॉलवर क्रिकेट चाललेलं. पोरं चांगली खेळतात. पण त्यांना तेंडुलकर ठाऊक, गावस्कर ठाऊक, बाळू पालवणकर ठाऊक नाहीत. हा त्यांचा दोष नव्हे. सांगितलंच नाही कुणी.

पालवणकर घराणं मूळ कोकणातलं. पालवण या गावावरून आडनाव पडलं. जात चांभार. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य, शिवायचं नाही, सावलीसुद्धा नको. पण बाळूंचा जन्म कोकणात झाला नाही. १८७५-७६ च्या सुमारास ते धारवाडला जन्मले, कारण वडील लष्करी नोकरीत होते. आपल्याकडच्या कितीतरी घराण्यांची हीच गोष्ट आहे. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याला पलटणीने पोटाला दिलं. पुढे कुटुंब पुण्याला आलं. गोऱ्या अंमलदारांनी खेळून टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. मास्तर नाही, शाळेचं मैदान नाही.

पहिली नोकरी लागली ती पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम झाडलोट, खेळपट्टीवर रोलर फिरवणे, आणि सभासदांना सरावाला चेंडू टाकणे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये झाले. एक रुपयाची बढती! जाळ्या बांधायच्या, खेळपट्टी आखायची, टेनिसच्या कोर्टाची निगा राखायची. तिथल्या ट्रॉस नावाच्या एका साहेबाने या पोऱ्याच्या हातात चेंडू दिला आणि टाकायला सांगितलं. तिथून गाडी रुळाला लागली.

बाळू डावखुरे. डाव्या हाताने सावकाश चेंडू टाकायचे, पण तो टप्पा पडल्यावर कुठे वळेल हे समोरच्याला उमगायचं नाही. गोऱ्यांत ग्रेग नावाचा कॅप्टन होता, त्या काळचा हिंदुस्थानातला नामी फलंदाज. हा ग्रेग बाकीच्या मंडळींच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा. असं सांगतात की बाळूंनी बाद केलं की दर वेळी तो ८ आणे द्यायचा. महिन्याला ४ रुपये पगार असलेल्या पोराला ८ आणे म्हणजे काय, ते सांगायला नको. ग्रेगची फलंदाजी सुधारत गेली आणि बाळूंची गोलंदाजीही. आता आम्हाला सांगा, यात शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण? आजच्या काळात असा माणूस प्रशिक्षक म्हणवला असता, त्याला गळ्यात शिट्टी आणि अंगात ट्रॅकसूट मिळाला असता. तेव्हा तो नोकर होता. आणि आणखी एक. शेकडो तास त्याने साहेबांना चेंडू टाकले, पण बॅट कधी त्याच्या हाती दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान! राबणाऱ्याने चेंडू टाकायचा आणि आणून द्यायचा.

बाळूंची कीर्ती क्लबाबाहेर गेली. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांशी सामना खेळायचा होता. जिंकायचं तर बाळू पाहिजे. पण बाळू चांभार. मोठी पंचाईत! संघात तेलुगू मंडळी होती, ती घ्या म्हणाली. मराठी ब्राह्मण मंडळी कुरकुरली. शेवटी खुद्द ग्रेगने बोलून दाखवलं की असा गोलंदाज सोडणं हा हिंदूंचा मूर्खपणा होईल, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. बाळू संघात आले.

संघात आले म्हणजे कसे आले ते पाहा. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. बाळूंनी टाकला, ब्राह्मणाने झेलला, परत बाळूंकडे आला. चेंडू चामड्याचा! तरी कुणी बाटलं नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपात चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात, म्हणजे पिऊन फोडून टाकायच्या भांड्यात, चहा मिळायचा. जेवायला वेगळी जागा, वेगळं ताट. तोंड-हात धुवायचे तर पाणी ओतायला अस्पृश्य गडीच पाहिजे.

आम्ही गिरणीत काम केलेली माणसं, आम्हाला यात नवल वाटत नाही. जुन्या काळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना झाडूखात्यात, सूतकताईच्या खात्यात काम मिळायचं, पण जिथे पगार जास्त त्या विणाई खात्यात घ्यायचे नाहीत. का? तर धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराने तोंडाला कसा लावायचा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. घाम चालतो, हात चालतो, नफा चालतो. तोंड आणि पाणी आलं की धर्म आडवा येतो. बाळूंच्या कुल्हडाची आणि गिरणीतल्या धोट्याची गोष्ट एकच आहे. आमच्या याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा म्हणत, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जे घडलं तेही याच ओंजळभर पाण्यासाठी.

असो. पुण्याचा हिंदू संघ बाळूंच्या जोरावर जिंकू लागला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टी आठवडाभर रोलरने दाबून ठेवली होती आणि तरीही त्यांनी संघाची दाणादाण उडवली, अशी हकीकत सांगितली जाते. न्यायमूर्ती रानड्यांनी या मंडळींना सुनावलं की एकत्र खेळता तर एकत्र खायला-प्यायलाही शिका. रानड्यांशी आमचे मतभेद असतील, पण हे त्यांनी बरोबर सांगितलं. टिळकांनीही बाळूंच्या गळ्यात हार घातला म्हणतात. हार घालणं सोपं असतं.

१८९६ ला प्लेग आला आणि त्या सुमारास बाळूंनी पुणं सोडून मुंबई धरली. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात घेताना परत तेच नाटक, काही सभासद अडून बसले, कीर्तीकर नावाच्या कर्णधाराने समजूत घालून त्यांना आत घेतलं. मग शिवरामही आले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही त्याच संघात खेळले. एकाच चांभाराच्या घरातले चार भाऊ हिंदूंच्या अव्वल संघात! चौघांना घडवणारी शाळा एकच, थोरला भाऊ.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, गोऱ्यांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. गोऱ्यांना जिंकायला २१२ हव्या होत्या, त्यांचा खेळ १०२ वर खलास झाला. १०९ धावांनी विजय! राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत हरवलं. या विजयात बाळूंच्या डाव्या हाताचा वाटा फार मोठा होता. वंगभंगाची चळवळ जोरात होती, त्यामुळे या सामन्याचा गाजावाजा देशभर झाला. आणि याच सुमाराला हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम यांना बाकीच्यांच्या पंगतीला बसून जेवायची मोकळीक मिळाली. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारक पत्राने त्याबद्दल हिंदू खेळाडूंची पाठ थोपटली. पाठ कुणाची थोपटायची यावर आमचं मत वेगळं आहे. दहा वर्षं बाहेर बसून चहा पिणाऱ्याने विकेटी काढत राहून ती जागा कमावली होती, ती कुणी दानात दिली नव्हती.

आता १९११ साल. हिंदुस्थानचा पहिला सर्व जमातींचा संघ विलायतेला गेला. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान सगळे होते. कर्णधार कोण, तर पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं १९. महाराज मैदानापेक्षा मेजवान्यांत जास्त रमले. संघ २३ सामने खेळला, ६ जिंकला, १५ हरला. पण त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले! त्यातले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले, सरासरी २० धावांना एक. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी. लेस्टरशायरला आपला संघ जिंकला त्यातही त्यांचीच गोलंदाजी. वय तेव्हा पस्तिशीचं, खांदा दुखत होता, तरी सगळा भार त्यांच्यावर. शिवरामनेही तिथे बॅट गाजवली. लोक बाळूंना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणायचे, म्हणजे इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स नावाच्या प्रसिद्ध डावखुऱ्या गोलंदाजाच्या तोडीचा.

विलायतेहून परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. मानपत्र दिलं. त्या मानपत्राच्या कामी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक विशीतला तरुण पुढे होता, भीमराव रामजी आंबेडकर. उपासकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. भीमराव तेव्हा अजून परदेशी गेले नव्हते. चळवळ सुरू व्हायची होती. महार, चांभार, मांग सगळ्यांना अभिमानाने बोट दाखवायला एकच माणूस होता तो म्हणजे बाळू. आमच्या आधीच्या पिढीतल्या म्हाताऱ्यांनी बाळूचं नाव घेतलं की त्यांचा आवाज बदलायचा, हे आम्ही कानाने ऐकलेलं आहे.

आता कर्णधारपदाची गोष्ट, जिथे खरं दुखणं आहे. १९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, युरोपियन आणि मुसलमान अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदूंचा सगळ्यात जुना, सगळ्यात कसलेला खेळाडू बाळू. पण कर्णधार म्हणून एम. डी. पै. हे पै मनाचे मोठे, कर्णधार झाल्यावर त्यांनी सत्काराच्या सभेतच सांगितलं की हा मान बाळूंचा होता. सभेत कबूल, कमिटीत नाही. चेंडू टाकायला तू, हुकूम करायला दुसरा. गिरणीतसुद्धा आमचा माणूस वीस वर्षं साचा सांभाळील, पण जॉबर व्हायची वेळ आली की कालचं पोर वर बसायचं. हे दुखणं आम्हाला कुणी समजावून द्यायला नको.

१९२० साली हद्द झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत बाबासाहेबांनी मूकनायक काढला होता. डिसेंबरात चौरंगीचे सामने. पै आजारी. मग कर्णधारपद कुणाला, तर दि. ब. देवधरांना. देवधर खेळाडू म्हणून थोर, त्यात वाद नाही, पण पालवणकर बंधू त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ. वर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा धाकट्या भावांनी अंग काढून घेतलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून सांगितलं की ज्येष्ठता आणि खेळ पाहून कर्णधार नेमा, जातीवरून डावलणं आम्ही सोसणार नाही. मोर्चा नाही, पुढारी नाही, पाठीशी पक्ष नाही. नुसतं खेळायला नकार! लोकांत खळबळ झाली. अखेरच्या सामन्याला पै बरे होऊन परत आले, भाऊ परत आले, आणि बाळूंना उपकर्णधार केलं. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळात हिंदूंच्या संघाची सूत्रं बाळूंच्या हातात होती. आयुष्यभराच्या चाकरीला तेवढा वेळ मिळाला. वय पंचेचाळीस.

बाळूंच्या एकूण खेळाचा हिशेब असा : प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, एका बळीमागे सरासरी १५ धावा, एका डावात पाच किंवा जास्त गडी १७ वेळा. ऐन उमेदीत असे सामनेच थोडे व्हायचे, आणि हिंदुस्थानला कसोटी सामना १९३२ साली मिळाला. तेव्हा बाळू म्हातारे होते.

थोरल्याला जे मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले, आणि पहिल्याच वर्षी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. सवर्ण चाहत्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. चांभाराला खांद्यावर! १९२३ ते १९२६ चार वर्षं ते कर्णधार होते, त्यात तीनदा हिंदू जिंकले. १९२६ च्या डिसेंबरात विलायतेच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध सी. के. नायडूंनी १५३ धावांची घणाघाती खेळी केली, ती क्रिकेटच्या पुस्तकांत सोन्याच्या अक्षरात लिहिलेली असते, त्या हिंदू संघाचा कर्णधारही विठ्ठलच. हे मात्र बारीक टायपात असतं.

आता तो प्रश्न. बाळू राजकारणात कसे गेले आणि कुणीकडे गेले?

खेळ सुटल्यावर अस्पृश्यांचे एक मान्यवर म्हणून त्यांना सभांना बोलावलं जायचं. गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणाचा त्यांच्यावर मोठा पगडा होता. १९३२ साली बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघासाठी झगडत होते, तेव्हा बाळू आणि मद्रासचे एम. सी. राजा हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर झाला, २० सप्टेंबरला गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. निवाड्यातल्या ७१ जागांच्या १४८ राखीव जागा झाल्या, पण आपला प्रतिनिधी आपण निवडायचा हक्क गेला. त्या करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि पी. बाळू ही सहीसुद्धा आहे. एकाची सही गळ्याला फास लागल्यामुळे, दुसऱ्याची राजीखुशीने. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळूंनी विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत, भायखळा-परळ या आमच्या गिरणगावच्या मतदारसंघात, काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरुद्ध बाळूंना उभं केलं. काँग्रेसने नेम धरून केलेली ही निवड होती. बाबासाहेबांसमोर कोण टिकेल? ज्याचं नाव झोपडीझोपडीत ठाऊक आहे असा अस्पृश्यच पाहिजे. शिवाय महार-चांभार असा भेद पाडायची संधी. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक. स्वतंत्र मजूर पक्षाचा तो मोठा विजय होता, पण आकडे बघितले की समजतं की बाळूंचं नाव केवढं होतं.

आमचा निवाडा असा. बाळू चुकले. राजकारणात ते दुसऱ्याच्या खेळपट्टीवर, दुसऱ्याच्या कर्णधाराखाली खेळले, आणि तिथेही त्यांना चेंडू टाकायलाच ठेवलं. पण त्यांना गद्दार, चमचा असं म्हणणाऱ्यांबरोबर आम्ही जाणार नाही. त्यांनी जन्मभर जो रस्ता पाहिला तो वेगळा होता. बाहेर बसून चहा पिण्यापासून पंगतीत बसण्यापर्यंत ते चालत गेले, भाऊ सवर्णांच्या खांद्यावर बसला. त्यांना वाटलं की हिंदूंचं मन असंच हळूहळू वळेल, आपला चेंडू वळतो तसं. बाबासाहेबांनी वडोदऱ्याच्या नोकरीत शिपायांना लांबून फायली फेकताना पाहिलं होतं, महाडला डोकी फुटताना पाहिली होती. त्यांनी ओळखलं की एका माणसाच्या करामतीने जात हलत नाही. ज्याच्याकडे असा डावा हात नाही त्या साध्या माणसाचं काय? खेड्यातल्या आमच्या आज्या-पणज्यांना विकेटी काढून पंगतीत बसता येणार होतं काय? इथे बाळूंकडे उत्तर नव्हतं, बाबासाहेबांकडे होतं.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. चांभार समाज बाबासाहेबांबरोबर का आला नाही, असं आपण नेहमी विचारतो. आपण त्यांच्याकडे किती गेलो, बाळूंसारख्या माणसाला काँग्रेसच्या दारातून परत आणायला कोण गेलं, हेही विचारायला पाहिजे. १९११ ला ज्याला सगळ्यांनी मिळून मानपत्र दिलं तो १९३७ पर्यंत फक्त एका जातीचा कसा उरला?

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. नागपूरचं धम्मदीक्षेचं १४ ऑक्टोबर १९५६ त्यांनी पाहिलं नाही. गणपत तर तरुणपणीच वारले होते. विठ्ठल मात्र १९७१ पर्यंत होते. त्यांनी आपल्या खेळाच्या आयुष्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, ते १९४८ साली निघालं. त्यात थोरल्या भावाला मिळालेल्या वागणुकीची हकीकत आहे. ते पुस्तक आता सहज मिळत नाही. मुंबईत जुन्या ग्रंथालयांत जाणाऱ्या आमच्या मंडळाच्या तरुणांनी शोध घ्यावा, सापडलं तर झेरॉक्स करून एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवावी. खर्च मंडळ करील.